मिठाच्या बदल्यात आणलेलं इंजन

आधी पाणी कुठून येतं ते पाहायचं.

जमनाबाई तेच पाहत बसली होती. निखाऱ्यावर इंजन, इंजनासमोर ती, तिच्या पाठीशी खाटेवर रामसिंग. खाटेकडे तोंड करायचं तिनं मुद्दाम टाळलं होतं. पहिल्यांदा थोडी वाफ आली. मग तोंडाच्या उजव्या बाजूनं एक थेंब फुटला, घरंगळला, निखाऱ्यावर पडून चर्र झाला. मग दुसरा. मग थेंब कुठले, धारच लागली, आणि खाली ठेवलेल्या पेल्यात मात्र काही नाही. पेला कोरडा ठणठणीत.

"गळते?" खाटेवरून आवाज आला.

"नाई."

"चर्र झालं ना."

"लाकूड ओलं हाय."

"निखाऱ्याले कायचं ओलं लाकूड?" रामसिंग म्हणाला आणि हसायला गेला. हसणं खोकल्यात गेलं, खोकला बराच वेळ चालला. जमनाबाईनं ओढणीच्या पदरानं इंजन उचलून जमिनीवर ठेवलं. सायकलच्या ट्यूबचा वायसर तिनं आपल्या हातानं कापला होता, चुलीजवळ बसून, विळ्यानं. तिसरा.

एक पेला. तेवढंच हवं होतं. यवतमाळच्या मोठ्या डॉक्टरनं छाती ठोकून पाहिली होती, फोटो काढला होता आणि मग रामसिंगशी न बोलता तिच्याशी बोलला होता: घरी न्या, जे खावंसं वाटेल ते द्या. घरी आणल्यावर तिनं विचारलं, काय खावंसं वाटते? तो म्हणाला, खावंसं काईच नाई वाटत. इंजनाची कॉफी पेली असती एक डाव.

आणि इंजन गळत होतं.

*

इंजन हे तांड्यानं ठेवलेलं नाव. खरं नाव फक्त रामसिंगला येत होतं आणि तेही त्याच्या तोंडून दरवेळी वेगळं निघायचं. होती ती कॉफी करायची घरगुती मशीन. पितळेची, पोटानं तांब्याएवढी, वर आट्यांचं झाकण, झाकणावर जास्तीची वाफ सोडणारी बारीक शिट्टी, आणि पुढे एक आखूड सोंड. सोंडेच्या तोंडाला लाकडी मुठीची वाटी अडकवायची. वाटीत कॉफीची पूड. खालून आच लागली की वाफ पाण्याला रेटते, पाणी पुडीतून घुसतं आणि वाटीच्या बुडातून काळ्या धारेनं पेल्यात उतरतं. तोंड आणि वाटी यांच्यामध्ये वायसर, फट बुजवणारी चकती. वायसर नीट बसला नाही तर पाणी पुडीतून कशाला जाईल? त्याला बाजूनं मोकळी वाट असताना?

केळापूरजवळच्या तांड्यात असली वस्तू कशी आली, हे विचारायला लोक पांढरकवड्याहून यायचे. रामसिंग सांगायचा. कितीदा सांगितलं तरी त्याला कंटाळा यायचा नाही, आणि जमनाबाईला तर एकेक शब्द पाठ.

लढाईत तो इटलीच्या मुलखात खच्चरांच्या पलटणीत होता. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून समुद्राकडून वऱ्हाडात आणायचा. लदेणीची जात. साहेबानं विचारलं, जनावर लादता येतं का, तर रामसिंग म्हणाला, साहेब, आमाले दुसरं येते काय? तर तिथं डोंगरातल्या एका गावी एक म्हातारी. घराला छप्पर अर्धंच. ती खुणेनं काही मागत होती. जिभेला बोट लावायची, तोंड वाकडं करायची. बाकीचे हसत होते. रामसिंगला कळलं. मीठ! गावात कित्येक महिने मीठ नव्हतं. त्यानं दाण्याच्या थैलीत लपवलेलं मीठ काढून तिच्या ओटीत घातलं. म्हातारी आत गेली आणि हे घेऊन आली.

"तिच्यापाशी इंजन होतं, कॉफी नव्हती," रामसिंग म्हणायचा. "माह्यापाशी मीठ होतं. सौदा झाला."

"आन् तुह्यापाशी कॉफी होती?" त्याच्या थोरल्या भावाची बायको रुपीबाई विचारायची.

"नाई ना, भाभी."

"मंग फसला तू. म्हातारीनं गंडवलं तुले."

मिठाच्या बदल्यात आलेली वस्तू विकू नये, असं त्याच्या आज्याचं म्हणणं. म्हणून ती त्यानं विकली नाही. हैदराबादकडून येणाऱ्या ट्रकवाल्यांना सांगून तो कॉफीची पूड मागवायचा आणि दुपारी वावरातून आला की इंजन लावायचा. वाफ सुटली की कोंबड्या पळायच्या. पहिला पेला त्याचा. दुसरा जमनाबाईचा. तिला ती कडू गोष्ट कधीच आवडली नाही. तिनं ते कधी सांगितलं नाही.

त्याचं पिणं संपलं की तिचं काम सुरू व्हायचं.

*

कॉफीचा डाग. तो पितळेवर बसतो तेव्हा लवकर जात नाही.

जमनाबाईच्या घरातलं भांडं डागाळलेलं कोणी पाहिलं नव्हतं. सासूनं तिला पसंत केली तीच पाण्याला गेलेली असताना, घागर घासताना. खुनी नदीच्या काठची बारीक रेती ती स्वतः चाळून आणायची, त्यात चुलीची राख मिसळायची, वर चिंच. इंजनाचं तोंड काळं पडलेलं तिला बघवत नसे. परमुलखातल्या म्हातारीनं दिलेली वस्तू. आपल्या घरी येऊन तिचं तोंड काळं व्हावं? ती रोज घासायची. अंगठ्यानं जोर लावून, तोंडाच्या कडेवरून गोल गोल, कोपरावरचा हस्तिदंती चुडा खळाखळा वाजेपर्यंत. रामसिंग बाहेर बसून तो आवाज ऐकायचा.

"पुरे वो," तो एकदोनदा म्हणाला होता. "चेहरा दिसून राह्यला आता त्याच्यात."

"दिसला पायजेच."

त्यानंतर तो त्यावर बोलला नाही.

इंजन मधूनमधून गळायचं तेव्हा तो ते घेऊन कडुनिंबाखाली बसायचा. कोणाला जवळ येऊ द्यायचा नाही. तासाभरानं उठायचा: झालं. वायसर खराब होता. आणि इंजन पुन्हा काही महिने चालायचं.

आणखी एक. त्याचा पलटणीतला चामड्याचा पट्टा. रुंद, जाड, पितळी बकलाचा. तो पट्टा वर्षागणिक आखूड होत गेला. टोकाकडून. जमनाबाईला वाटायचं उंदीर. तिनं उंदराचा पिंजरासुद्धा लावला. मग रामसिंगला पट्टा कमरेला पुरेना, तेव्हा ती हसली होती, "पोट वाढलं का पट्टा आटला?" तो म्हणाला, "पट्टा आटला. लढाईचं चामडं असंच ऱ्हायते." रुपीबाईला हे सांगताना दोघी पोट धरून हसल्या होत्या.

हसण्याच्या गोष्टी अशा कुठेही ठेवलेल्या असतात. नंतर हात लागतो.

*

"तुमी कसा लावत होते वायसर? मले सांगा ना. मी लावतो."

"राहू दे."

"काहून राहू दे? तुमी सांगत जा, मी करत जातो. हात तुमचे चालत नाई, तोंड तर चालते ना?"

रामसिंगनं तिच्याकडे पाहिलं. काही सांगणार असं तिला वाटलं. त्याचे ओठ हललेही.

"इंजन बुढं झालं," तो म्हणाला. "मी बी झालो. राहू दे, जमना. नाई पेली तं का होते?"

त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही, निदान या तांड्यात नाही. त्यानं मारली. जमनाबाई उठली. इंजन फडक्यात बांधलं. सोंडेतून आधी निघालेला जुन्या वायसरचा कडक झालेला गठ्ठा तिनं मापासाठी जपून ठेवला होता, तो ओढणीच्या कोपऱ्याला गाठ मारून घेतला.

"भाभी, यांच्यापाशी बसजो," तिनं शेजारी रुपीबाईला हाक दिली. "मी पांढरकवड्याहून येतो."

"या टायमाले? आन् मोटार नाई भेटली तं?"

"पाय हायेत."

*

पांढरकवड्याला सडकेच्या कडेला नरहर ओव्हरसियरचं घर. माणूस नोकरीतून निवृत्त झालेला. सडका मोजण्यात हयात गेली, आता ओसरीवर शिकंजा बसवून लोकांची घड्याळं, स्टो, शिवणयंत्रं उघडून बसायचा. हौस. पैसे घेत नसे, म्हणून वस्तू वेळेवर देतही नसे.

"ठेव तिकडे. पुढच्या आठवड्यात ये," तो मान वर न करता म्हणाला.

"पुढच्या आठवड्यात माणूस नाई ऱ्हायचा, साहेब."

त्यानं मान वर केली. दारात त्याची बायको सुनीती उभी होती, तिनंही ऐकलं.

"आधी हिचं बघा," सुनीती म्हणाली. "घरातला नळ सहा महिने टपटप करतोय, त्याला कोणी विचारत नाही. ते राहू द्या. हिचं बघा."

नरहरनं इंजन उघडलं. त्यानं झाकण फिरवलं, शिट्टी फुंकली, पोटात पाणी भरून बाहेरून कोरडं पुसलं आणि उन्हात धरलं. पोट ठीक. सोंड ठीक. सांध्यांची झाळ ठीक. मग तोंडाची कडी आट्यांवरून फिरवून सोडवली आणि सपाट काचेवर उपडी ठेवून डोळा खाली नेला. काच आणि कडी यांच्यामधून एका बाजूनं उजेड दिसत होता. नखाएवढी उजेडाची फट.

"वायसर बदलून काही व्हायचं नाही. कडाच गेली आहे. कुण्या शहाण्यानं रेती लावून घासली हो ही? रोज घासल्याशिवाय पितळ असं जात नाही. आणि एकाच बाजूला जोर. अंगठ्याचा जोर दिसतोय इथे, हा बघ, हा—"

तो थांबला. जमनाबाईनं अंगठा मुठीत घातला होता.

सुनीती आत गेली आणि उगाच पाणी घेऊन आली.

"मापाले हे आणलं होतं," जमनाबाई म्हणाली. आवाज तिचाच होता, पण लांबून आल्यासारखा. तिनं ओढणीची गाठ सोडली. नरहरनं तो गठ्ठा गरम पाण्यात टाकला. थोड्या वेळानं तो फुगला आणि सुटा झाला. वर रबराचा गोल वायसर. आणि त्याच्या खाली.

खाली चामड्याचे तुकडे. गोल नव्हेत. बीजेच्या चंद्रासारखे, एकावर एक, सगळ्यात खालचा काळा पडलेला, वरचा त्यातल्या त्यात नवा. नरहरनं ते चिमट्यानं उचलून कडीवर ठेवले. झिजलेल्या बाजूवर ते अचूक बसले, जणू तिथूनच कापून काढले होते.

"हे कोणी केलं?"

"माह्या माणसानं."

"मग त्याला ठाऊक होतं." नरहर आता सावकाश बोलत होता, पण थांबवतही नव्हतं त्याच्याच्यानं. "नुसता वायसर खराब असता तर त्यानं वायसर बदलला असता. त्यानं झीज पाहिलेली आहे. जसजशी कडा खाली गेली तसतसा एकेक तुकडा खाली घातलाय. वर्षानुवर्षं. चांगलं चामडं आहे. लष्करी दिसतं."

जमनाबाईनं वरचा तुकडा बोटावर घेतला. एका टोकाला पट्ट्याच्या भोकाची अर्धी गोलाई होती.

*

राहू दे, जमना.

त्यानं सांगितलं असतं तर पेला मिळाला असता. तुकडा कापायचा, उजवीकडे ठेवायचा, वर वायसर. लहान पोराला जमेल. पण मग ती विचारणार होती: उजवीकडेच काहून?

*

कडा नीट करायची तर एकच उपाय. सपाट काच घ्यायची. तिच्यावर पॉलिश कागद पसरायचा, थोडं गोडंतेल सोडायचं, कडी उपडी धरायची आणि घासायची.

"घासायची?" जमनाबाईनं विचारलं.

"हो. जी बाजू उंच राहिलीय ती खाली येईपर्यंत. मी करतो, तू बस."

"मी करतो," ती म्हणाली. "घासाचंच हाय ना? ते मले येते."

सुनीतीनं नरहरकडे पाहिलं. तो बाजूला सरकला.

ओसरीवर जमनाबाई घासत बसली. नरहर मधूनमधून एवढंच म्हणायचा: जोर नको लावू. कडीला आपल्या वजनानं फिरू दे. जोर लावलास की पुन्हा एक बाजू जाईल. जोर न लावता घासणं तिला आयुष्यात ठाऊक नव्हतं. अंगठा आपोआप दाबायचा. ती तो उचलायची. चुडा वाजेना. तेलात पितळेचा काळा गाळ मिसळला, बोटं काळी झाली, नखं काळी झाली. ती कडी उचलायची, काचेवर धरायची, खालून उजेड पाहायची. उजेडाची फट बारीक झाली. केसाएवढी झाली. मोटारीची वेळ जवळ येत होती. सुनीतीनं दोनदा सडकेवर जाऊन पाहिलं.

मग उजेड दिसेना.

नरहरनं मोटारीच्या चाकाच्या जाड रबराचा एकच वायसर कापून दिला. चामड्याचे तुकडे त्यानं कागदात बांधायला घेतले, तर तिनं ते आधीच ओढणीला बांधले होते.

"बाई," तो निघताना म्हणाला, "मी मघाशी शहाणा म्हणालो ते—"

"खरंच म्हनले, साहेब."

*

ती पोचली तेव्हा दिवस मावळायचा होता. रुपीबाई दारातच होती. "हाय अजून," ती म्हणाली. एवढंच.

जमनाबाईनं हात धुतले नाहीत. वेळ नव्हता. चूल पेटवली, निखारे ओढले, पोटात पाणी, वाटीत पूड, वाटी फिरवून घट्ट. बसली. या खेपेला तिनं तोंड खाटेकडे केलं.

वाफ आली. शिट्टीवर बारीक धूर. एकदा इंजनानं घसा खाकरल्यासारखा आवाज केला. मग शांत. चर्र नाही. निखारे कोरडे. आणि पेल्यात एक काळा थेंब, मग धार, बारीक, अखंड, वर तांबूस फेस. घरभर तो वास. कोंबड्यासुद्धा पळाल्या.

रामसिंगनं डोळे उघडले. तो ऐकत होता.

"गळत नाई," तो म्हणाला.

"नाई."

"कसं का?"

"वायसर खराब होता. ओरसेरसाहेबानं नवा देल्ला. जाड."

"नुसता वायसर?"

"हव. नुसता वायसर."

त्याची नजर तिच्या हातांवर गेली. काळी बोटं, काळी नखं, आणि त्या काळ्यात चुलीच्या उजेडानं चमकणारी पितळेची बारीक कणी. ती त्यानं पाहिली. तिनं पाहू दिली, मग हात ओढणीखाली घेतले.

"हात काळे झाले तुहे."

"चुलीनं."

पेला निवत होता. बाहेर रुपीबाई कोंबड्या हाकत होती.

"हूं," रामसिंग म्हणाला. "चुलीनंच."

तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पेला ओठाला लावला. एक घोट आत गेला. दुसऱ्यातला अर्धा ओठाच्या कडेनं बाहेर आला, उजवीकडूनच, हनुवटीवरून गळ्यावर. तिनं पुसलं. तो म्हणाला, कडू झाली. ती म्हणाली, कडूच ऱ्हायते. तो म्हणाला, तुले आवडत नाई ना? मले ठाऊक हाय. ती म्हणाली, कोन म्हनते? आणि उरलेला पेला तिनं त्याच्यासमोर, शेवटच्या थेंबापर्यंत, पिऊन टाकला.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

चुडा उतरवला तेव्हा दंडावर पांढरे पट्टे उरले होते, जिथं इतक्या वर्षांत ऊन लागलं नव्हतं.

सुतक फिटायच्या दिवशी घर सारवतात आणि घरातलं एकूण एक भांडं बाहेर काढून रेतीनं, राखेनं घासतात. घागरी, तवा, परात, त्याचा लोटा. तांड्यातल्या बायका गोलाकार बसल्या होत्या. जमनाबाईही बसली होती, उघड्या दंडांची. तिच्या हाताचा आवाज येत नव्हता. रुपीबाई आतून इंजन घेऊन आली.

"हे ऱ्हायलं. पूड बी तशीच हाय याच्यात, वाळली. तोंड तर पाय कसं काळं ठिक्कर." तिनं रेतीची मूठ घेतली.

जमनाबाईनं इंजन तिच्या हातातून काढून घेतलं.

"नाई घासाचं."

"अवं, सुतकाचं भांडं! नाई घासलं तं घरात नाई ठेवता येत."

"नको येऊ दे घरात."

"आन् तू? तुह्या घरातलं भांडं, आन् असं? लोक का म्हनतीन?"

बायकांचे हात थांबले होते. हिच्या भांड्यांत तोंड पाहून तांड्यातल्या पोरी कुंकू लावायच्या.

"जे म्हनाचं ते म्हनतीन."

ती उठली. गोठ्यात त्याचं जू-जोतं टांगायची खुंटी होती, तिथं उरलेला पट्टा लोंबत होता, हातभर, बकलासकट. त्या पट्ट्यात तिनं इंजन अडकवलं. ओढणीची गाठ सोडून चामड्याचे तुकडे काढले, वाटी फिरवली, आतल्या वाळल्या पुडीवर ते ठेवले आणि वाटी पुन्हा लावली. घट्ट नाही. बसेल तेवढीच.

मग परत येऊन घागर घासायला बसली. शेजारी रुपीबाई रामसिंगचा लोटा घासत होती, दात ओठ खाऊन.

"हळू वो, भाभी," जमनाबाई म्हणाली. "हळू."

इंजन अजून गोठ्यातच आहे. तोंड काळं. कडा सपाट.